नवे ब्लॅक मेटल अल्बम ऐकताना: प्रयोग पोतात आहे की वरून चिकटवलेला?

प्रश्न लातूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे, आणि थोडक्यात तो असा: आयर्न मेडन, मेटालिका हे मेटल बँड ऐकून कान तयार झाले, आता ब्लॅक मेटल हा हेवी मेटलचा कर्कश, किंचाळत्या गळ्याचा प्रकार ऐकायला घेतला आहे; पण दर शुक्रवारी नव्या अल्बमांचा एवढा लोंढा येतो की कोणता ऐकावा आणि कोणता सोडावा ते कळत नाही. अनेक अल्बमांचे ध्वनिमुद्रण इतके कर्कश का ठेवलेले असते, आणि ‘प्रयोगशील’ म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो त्यांत प्रयोग नेमका कशाचा असतो, असेही त्यांनी विचारले आहे. मित्रांना बरोबर घेऊन संबळासह या धर्तीचे काही करता येईल का, हा शेवटचा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरात माझी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली आहे. तिथे भीमगीते गाणारे येतात, भजनी मंडळे येतात आणि अधूनमधून एखादा मेटल बँडही येतो. त्यामुळे हे उत्तर ध्वनिमुद्रकाच्या बाजूने दिलेले आहे असे समजावे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ब्लॅक मेटलमध्ये आवाजाचा पोत हा रचनेचाच भाग असतो. इतर बहुतेक संगीतात आधी चाल बांधली जाते आणि नंतर ती नीट मुद्रित केली जाते. इथे गिटार किती पातळ ठेवायची, ड्रम किती मागे ढकलायचे, गळा किती अंतरावरून ऐकू यावा हे ठरवतानाच निम्मी चाल बांधली जाते. म्हणून नवा अल्बम हाती आला की ‘हे खरे ब्लॅक मेटल आहे का’ या वादात मी शिरत नाही. जो काही प्रयोग आहे तो या पोतात मुरला आहे की तयार गाण्यावर नंतर चिकटवला आहे, एवढे पाहतो. लोंढ्यातून वाट काढायला मला तरी ही एक कसोटी पुरते.

कर्कशपणाचे कारण समजून घ्यायचे असेल तर १९९४ सालचे नॉर्वेतले दोन अल्बम एकापाठोपाठ ऐकावेत. डार्कथ्रोन या बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ चार ट्रॅकच्या घरगुती यंत्रावर मुद्रित झाला. त्यातली सगळी वाद्ये फेनरिझ या एकट्या माणसाने वाजवली आणि गळा नोक्टुर्नो कुल्टोचा आहे. ड्रमचा एकच ठेका जवळजवळ न थांबता चालू राहतो, गिटारमध्ये खर्ज नावालाही नाही आणि गाण्यात ‘आता जोरकस भाग येणार’ अशी कुठलीही सूचना मिळत नाही. त्याच वर्षी आलेला मेहेमचा ‘डे मिस्टेरिस डॉम सॅथानस’ मात्र बर्गन शहरातल्या ग्रीगहालेन या मोठ्या संगीतगृहात पिटन या ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली तयार झाला. त्यातले ड्रम प्रशस्त आणि घुमणारे आहेत, आणि आत्तिला चिहारचा गळा किंचाळण्याऐवजी मंत्र पुटपुटल्यासारखा लागतो. वर्ष एकच, देश एकच, आणि तरी आवाज दोन टोकांचे. तेव्हा ब्लॅक मेटल म्हणजे वाईट ध्वनिमुद्रण हा समज सोडून द्यावा. बर्झम या एकाच माणसाच्या बँडच्या ‘फिलोसोफेम’चे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९९३ साली मुद्रित होऊन १९९६ साली बाहेर पडलेल्या या अल्बमासाठी, चांगली सामग्री उपलब्ध असतानाही, गळा जाणूनबुजून हेडसेटच्या सुमार माइकवर घेतला गेला. पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर तसाच आवाज हवा होता म्हणून.

यामागचे तंत्र फार गूढ नाही. दर मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत प्रत्येक ठोक्याला तार चार वेळा छेडली, की सेकंदाला १२ आघात होतात. विकृत केलेल्या, म्हणजे डिस्टॉर्शन लावून आवाज मुद्दाम फाडलेल्या गिटारवर एवढे जलद आघात कानाला सुटे सुटे कळत नाहीत. त्यांचा एक सलग, थरथरणारा पडदा तयार होतो. यालाच ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. त्याखाली तितक्याच वेगाचा ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा सलग, अतिजलद ठेका आला की वेग जाणवण्याऐवजी सगळे जागच्या जागी गोठल्यासारखे वाटू लागते. या पडद्यामागे जे स्वर हळूहळू बदलतात ती खरी चाल. मेटालिकासारख्या थ्रॅश मेटलवर तयार झालेला कान रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा ठळक स्वरसमूह शोधत राहतो आणि ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणतो. घडत असते, पण फार संथ गतीने. गावातल्या सप्ताहात शेतापलीकडून कर्ण्यातून येणारे कीर्तन आठवा: शब्द फाटलेले असतात, मृदंगाचा खर्ज वाटेतच विरलेला असतो, तरी रात्रीचे अंतर आणि मोकळे रान त्या आवाजात आपोआप आलेले असते. नॉर्वेच्या मंडळींनी तसे अंतर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून ठरवून निर्माण केले.

प्रयोगाची परंपराही या प्रकाराइतकीच जुनी आहे, त्यामुळे ‘हल्लीचे लोक ब्लॅक मेटल बिघडवतात’ ही तक्रार मला तितकीशी पटत नाही. वेद बुएन्स एंडे या बँडचा ‘रिटन इन वॉटर्स’ १९९५ सालचा आहे. उल्वर या बँडने १९९७ साली अत्यंत खरखरीत असा ‘नॅटेन्स माद्रिगाल’ काढला, त्याच्या पुढच्याच वर्षी विल्यम ब्लेकच्या साहित्यावर इलेक्ट्रॉनिक वळणाचा दुहेरी अल्बम काढला, आणि त्यानंतर मेटलकडे जवळपास पाठच फिरवली. फ्रान्समध्ये ब्लुट आउस नोर्ड आणि डेथस्पेल ओमेगा यांनी २००३-०४ पासून बेसूरपणालाच व्याकरण दिले. पुढे अल्सेस्टच्या २००७ च्या अल्बमातून शूगेझची, म्हणजे गिटारींच्या धुक्यात गाणे बुडवणाऱ्या रॉक प्रकाराची, धूसर माधुरी आली आणि डेफहेवनच्या २०१३ च्या ‘सनबेदर’ने ती या वर्तुळाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत नेली.

आता अलीकडच्या अल्बमांकडे येतो. वरच्या कसोटीवर सर्वांत खरा उतरणारा म्हणून मी ओरान्सी पाझुझु या फिनलंडच्या बँडचा ‘मूनताउतुया’ सांगेन. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. यात सिंथेसायझर कुठे संपतो आणि गिटार कुठे सुरू होते हे सांगणे मलाही कठीण जाते, आणि माझा तर धंदाच ते ओळखण्याचा आहे. वजन बेस आणि ड्रम पेलतात. ठेके यंत्रासारखे घोटून घोटून येतात. गिटारी, रिफ वाजवण्याऐवजी, धूर सोडावा तशा आत-बाहेर करतात. आणि फिनिश भाषेतला गळा इतका चेपलेला असतो की तोही त्या गोंगाटाचाच एक थर होतो. ट्रेमोलो पिकिंग आणि ब्लास्ट बीट या दोन्ही खुणा अनेकदा गायब असतात, तरी तो थरथरता पडदा आणि त्यामागे काहीतरी सरकत असल्याची जाणीव शाबूत राहते. पहिल्यांदा ऐकताना मधूनच उडी मारून पुढे जाऊ नये. त्यांचा २०२० चा ‘मेस्तारिन क्युन्सी’ त्या मानाने सुगम आहे. जड गेल्यास तो आधी घ्यावा.

दुसरा अल्बम मी अभ्यासासाठी सुचवतो. नॉर्वेच्या एम्परर या बँडचा गायक-गिटारवादक इसान याने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच्याच नावाचा अल्बम दोन रूपांत प्रसिद्ध केला: एक मेटलचा, दुसरा केवळ वाद्यवृंदाचा. आधी वाद्यवृंदाचे रूप ऐका आणि एखादे गाणे पाठ होऊ द्या. मग तेच गाणे मेटलच्या रूपात लावा. व्हायोलिनचे आणि पितळी वाद्यांचे जे स्वर आधी ठळक होते ते आता गिटारच्या भिंतीमागे जातात, पण तुम्हाला ते ठाऊक असल्यामुळे ऐकू येत राहतात. दाट मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवलेल्या मुद्रणात, दडलेले ऐकण्याची सवय कानाला लावण्यासाठी याहून सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि ही सवय लागली की एम्पररचा १९९४ चा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ही नव्याने उलगडतो.

डेफहेवनचा मार्च २०२५ चा ‘लोनली पीपल विथ पॉवर’ नवख्या कानाला सर्वांत लवकर पटेल. त्यांच्या २०२१ च्या अल्बमात किंचाळी जवळजवळ सोडून दिलेली होती. इथे ती पूर्ण ताकदीने परतली आहे, आणि मधल्या काळात कमावलेली सफाई मात्र टिकून आहे. माझ्या चवीला तो जरा जास्तच घासूनपुसून घेतलेला वाटतो. अ‍ॅग्रिकल्चर या लॉस एंजेलिसच्या बँडचा ‘द स्पिरिच्युअल साउंड’ ऑक्टोबर २०२५ चा. ही मंडळी स्वतःच्या संगीताला आनंदविभोर ब्लॅक मेटल म्हणवतात आणि त्यांच्या गाण्यांत झेन विचार आहे. एका गाण्याचे नावच ‘बोधिधर्म’, म्हणजे झेनचा आद्य आचार्य मानला जाणारा बौद्ध भिक्षू. अजिंठा-वेरूळच्या मुलखातल्या माणसाला त्याचे कुतूहल वाटेलच, पण मला त्यातली शांतता अधिक मोलाची वाटते: आवाज अचानक पूर्ण थांबतो, आणि ती पोकळी भरण्याची त्यांना घाई नसते. इंपीरियल ट्रायम्फंट हे न्यू यॉर्कचे त्रिकूट जॅझच्या अंगाने जाते. त्यांचा मार्च २०२५ चा ‘गोल्डस्टार’ आधीच्या अल्बमांपेक्षा आटोपशीर असल्याने तिथून सुरुवात करावी. डॉडहाइम्सगार्डचा २०२३ चा ‘ब्लॅक मीडियम करंट’ लांबलचक आहे, पण सावकाश ऐकणाऱ्याला भरपूर देतो. ब्लुट आउस नोर्डच्या २०२२ आणि २०२३ च्या ‘डिसहार्मोनियम’ जोडीत गिटारीचे स्वर वाकवून असे सोडले आहेत की षड्ज कुठला हेच ठरत नाही. डोके दुखत असेल त्या दिवशी लावू नये. जुन्या वळणाचे, पण जिवंत असे काही हवे असेल तर माँट्रियलच्या स्पेक्ट्रल वूंडचा ऑगस्ट २०२४ चा ‘साँग्ज ऑफ ब्लड अँड मायर’ पुरेसा आहे. अल्सेस्टचा २०२४ चा अल्बम सुंदर आहे, पण त्यात ब्लॅक मेटलचा अंश आता फार थोडा उरला आहे.

भारताचा उल्लेख आलाच पाहिजे. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ साली ‘दशावतार’ काढला. त्यात मत्स्य, कूर्म, वराह अशी अवतारागणिक गाणी आहेत. सिंगापूरच्या रुद्र या बँडने १९९२ पासून वेदान्त आणि संस्कृत श्लोक घेऊन स्वतःची वाट पाडली आहे. चेक प्रजासत्ताकातल्या कल्ट ऑफ फायर यांच्या २०१३ च्या अल्बमाचे नाव तर चक्क देवनागरीत आहे: ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’. तो मला आवडतो, परंतु त्यातले भारतीयपण विषयात आणि मुखपृष्ठावर अधिक आहे, रिफांची घडण युरोपीयच आहे. माझ्या कसोटीवर तो अर्धाच उतरतो.

ऐकण्याच्या साधनांबद्दल थोडे. खर्ज फुगवणारे इयरफोन या संगीताचा घात करतात, कारण इथला सगळा व्यवहार मधल्या आणि वरच्या पट्टीत चालतो. इक्वलायझर सपाट ठेवावा. कमी दर्जाच्या स्ट्रीमिंगमध्ये सर्वांत आधी झांजा आणि गिटारचा पडदा बिघडतो आणि पाण्याखालून आल्यासारखा सळसळतो. मग श्रोता बँडला दोष देतो. डेटा वाचवायचा असेल तर अल्बम वायफायवर उच्च दर्जात उतरवून घ्यावा. आवडला तर बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावरून विकत घ्यावा: दर्जा न घटवणारी फ्लॅक फाइल मिळते आणि मोठा हिस्सा कलाकाराकडे जातो. २०२० च्या मार्चपासून तिथे काही ठरावीक शुक्रवारी कंपनी स्वतःचा वाटाही सोडते. परदेशातून व्हिनाइल मागवण्याच्या फंदात विद्यार्थ्याने पडू नये. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून तबकडीपेक्षा वेष्टन महाग पडते.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. १९९२-९३ च्या नॉर्वेत या वर्तुळातल्या लोकांनी चर्च जाळली, आणि ऑगस्ट १९९३ मध्ये मेहेमचा गिटारवादक युरोनिमस याचा खून बर्झम चालवणाऱ्या व्हार्ग विकर्नेसने केला. त्याला १९९४ साली २१ वर्षांची शिक्षा झाली. वर ‘फिलोसोफेम’चे नाव घेतले ते ध्वनिमुद्रणाच्या इतिहासासाठी, त्या माणसाच्या विचारांसाठी नव्हे. वंशद्वेष आणि नाझीवाद मिरवणारे बँड आजही आहेत आणि त्यांचे अल्बमही शुक्रवारच्या त्याच यादीत येतात. पैसे देण्यापूर्वी बँडची गीते, मुलाखती आणि लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, यांची चौकशी करावी. पाच मिनिटांचे काम आहे. दलित चळवळीच्या आणि नामांतराच्या लढ्याच्या मराठवाड्यात बसून कोणी वंशश्रेष्ठत्वाच्या गाण्यांवर खिशातले पैसे घालवावेत, हे मला तरी पाहवणार नाही.

आता संबळ. या प्रश्नाने मला खरा आनंद झाला, कारण इथे काम करण्यासारखे पुष्कळ आहे आणि बिघडवण्यासारखेही. सर्वसाधारण चूक अशी होते: चारच्या मापातला ब्लास्ट बीट असलेले तयार गाणे असते आणि त्याच्या सुरुवातीला अर्धा मिनिट संबळ वाजवून सोडून दिला जातो. तो प्रयोग नव्हे, तोरण आहे. गोंधळाच्या बऱ्याच गाण्यांची चाल तीन-तीनच्या झोकाची, म्हणजे सहाच्या मापातली असते. आणि सहाच्या मापातले रिफ नॉर्वेच्या बँडांतही मुबलक सापडतात. तेव्हा रिफ मुळातच सहाच्या मापात बांधावा, म्हणजे संबळाला गाण्यात पाहुण्यासारखे यावे लागणार नाही. दुसरी गोष्ट तुणतुण्याची. गोंधळात एका तारेवर तुणतुणे अखंड छेडले जाते, त्याला खर्ज नसतो, आणि त्याची खरखर संबळाच्या वर तरंगत राहते. ट्रेमोलो गिटारचे कामही नेमके तेच आहे. म्हणून गिटारवादकाने पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारा एकदम छेडून काढलेले जाड स्वर, बाजूला ठेवून एकाच तारेवर, वरच्या पट्टीत तुणतुण्याची जागा घ्यावी. खालची जागा आपोआप संबळाच्या मोठ्या तोंडासाठी मोकळी होते.

ध्वनिमुद्रणात अडचण येते ती लहान तोंडाची. काडीचा तो टणक आघात ज्या कंपनसंख्येत असतो, साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ, तिथेच विकृत गिटारचा पडदाही असतो, आणि दोघे एकमेकांना खातात. गिटारचा तो पट्टा थोडा कमी करावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे रचनेतच गिटारला श्वास घ्यायला जागा ठेवावी. संबळाच्या दोन्ही तोंडांना एक-एक माइक आणि तिसरा चार-पाच फुटांवर, खोलीचा आवाज घेण्यासाठी. मिक्समध्ये हा तिसरा माइकच बहुधा वर चढवावा लागतो, कारण अंतराचा भास त्यातून येतो. गोंधळी कलावंताला कानात क्लिक, म्हणजे लय धरून देणारी यंत्राची टिकटिक, लावून वाजवायला बसवू नये. त्याचा झोक त्यात मरतो. आधी संबळ मोकळेपणाने मुद्रित करावा आणि गिटारी त्यावर वाजवाव्यात. इंटरनेटवरचे तयार तुकडे वापरण्याऐवजी तुळजापूरच्या बाजूला जाऊन जाणत्या कलावंताला बोलवावे, त्याला ठरलेली बिदागी द्यावी आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव वादक म्हणून छापावे.

नमुना म्हणून दोन अल्बम ऐका. ब्राझीलच्या कायो लेमोसने काताइरा या नावाने २०२० साली काढलेल्या एका अल्बमात विजेची गिटार बाजूला ठेवून ध्वनिक गिटारीवर आणि तिथल्या तालांवर ब्लॅक मेटल उभे केले आहे. पोतात मुरलेला प्रयोग म्हणतो तो हाच. अमेरिकेच्या पॅनॉप्टिकॉनचा २०१२ चा ‘केंटकी’ बँजो आणि ब्लूग्रास घेऊन कोळसा खाणकामगारांच्या लढ्याची गोष्ट सांगतो; तिथे दोन संगीतप्रकार पुष्कळदा आलटून पालटून येतात, पण विषय त्यांना बांधून ठेवतो. विषयासाठी नॉर्वेचा सैतान उसना आणण्याचे कारण नाही, विशेषतः ज्या वाद्यावर आईचा गोंधळ घातला जातो ते वाद्य हाती असताना. जर्मनीचा कानोनेनफीबर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची पत्रे आणि कागदपत्रे यांवरून गीते रचतो. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ आहे, रोजगार हमीच्या कामांच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तर तुमच्याच जिल्ह्यातला आहे. आधी त्यांच्याशी बोला, टिपणे घ्या, मग शब्द लिहा. भाषा मराठीच ठेवावी: ओरान्सी पाझुझु फिनिशमध्ये आणि कानोनेनफीबर जर्मनमध्ये गातात म्हणून त्यांचे काही अडलेले नाही.

गळ्याविषयी मात्र सावध राहावे. किंचाळी स्वरतंतू ताणून काढायची नसते. श्वास पोटातून घेऊन, गळा सैल ठेवून, कमी आवाजात ती बसवावी लागते, आणि मोठेपणा माइक व मिक्स देतात. सुरुवातीला दिवसाला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक सराव करू नये, मध्ये कोमट पाणी प्यावे, आणि दुखले किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसला तर तंत्र चुकते आहे असे समजून थांबावे. बसलेला आवाज आठवड्यापेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, आणि तोवर गळ्याशिवाय, फक्त संबळ आणि गिटार घेऊन चार मिनिटांचा एक तुकडा मुद्रित करून पाहावा.